शिट्टी नसलेला कुकर

नारपोली, भिवंडी
१० नोव्हेंबर २०२४

ती. राहीआत्येस,

भाविकाचा नमस्कार. फोनवर तुझ्याशी बोलायला जावं तर तू "कोण? कोण?" करत राहतेस, आणि कानातलं मशीन कुईं करायला लागलं की काढून उशीखाली ठेवतेस. धनेशदादाच्या मोबाईलवर मेसेज टाकला तर आधी तो वाचतो, मग रूपावहिनी वाचते, आणि तुझ्यापर्यंत यायला दोन दिवस जातात. म्हणून तू म्हणालीस तसं पत्रच लिहितेय, फक्त तुझ्या नावाचं.

आमच्या गोडाऊनमध्ये परत आलेल्या मालाचा सेल लागतो, माहितीये ना? लोक घरबसल्या वस्तू मागवतात, खोका उघडून बघतात आणि नको म्हणून परत धाडतात. त्यातला एक स्लो कुकर मी उचलला. नावाला कुकर, पण शिट्टी नाही. आत चिनीमातीचं जड भांडं, खाली वीज. न रागावता हळूहळू तापणारं. आई म्हणाली, "यात डाळ शिजायला संध्याकाळ होईल, तोवर आम्ही काय एकमेकांची तोंडं बघायची?" म्हणून डाळीचा नाद सोडला आणि शेंगदाण्याचं चॉकलेट केलं.

पहिला घाणा वाया गेला. झाकणावर वाफ धरली, तिचं पाणी आत टपकलं, आणि अख्ख्या चॉकलेटची वाळू झाली. कुणालने त्यात चमचा उभा करून दाखवला. दुसऱ्या वेळी मी झाकणाखाली कोरडा पंचा ताणून बांधला. मग मात्र असं झालं की विचारू नकोस. धनेशदादा उद्या भाजीचा टेम्पो घेऊन मार्केटला येईल, त्याच्याबरोबर एक डबा पाठवतेय.

बाबांना जाम आवडलं. हल्ली त्यांना तिखट नको वाटतं. वयाप्रमाणे बदलतं माणूस. भाऊबीजेला ते आले नाहीत, कुणालला पाठवलं, म्हणून रागावू नकोस. जरा कणकण होती.

तुझी,
भाविका


गणेशपुरी
१५ नोव्हेंबर

चि. भाविकास आशीर्वाद.

डबा पोचला. चॉकलेट ब्येस हाय. दाणा दाढेत अडकतो, पण तो माझ्या दाढेचा दोष. रूपानं दोन दिलेली मला, बाकी कुठं गेली ते मी इचारत न्हाय. कसं करतात ते सविस्तर लिही. हितं तो कुकर न्हाय, पण वाचायला काय जातं.

आता माझं ऐक. कणकणीचं मला सांगू नको. तुझा बाप तापानं फणफणलेला असला तरी भाऊबीजेला आलेला हाय. एका साली पुलावरून पाणी चाललेलं तर कपडे डोक्याला बांधून आला. मी पाट मांडून बसले, आणि दारात भाचा कुणाल. पोर गुणाचं हाय, पण मी वाट बघत होते ती भावाची.

आणि तिखट नको वाटतं म्हणजे काय? भाकरीबरोबर नुसती मिरची चावणारा तो माणूस. जवळ्याची चटणी केलीय, धनेशबरोबर धाडते. ती खाऊन त्याच्या डोळ्यात पाणी आलं की मला कळव. तवा मी समजेन तो बरा हाय.

आत्या


नारपोली
२१ नोव्हेंबर

ती. आत्येस,

चटणी मिळाली. सगळ्यांनी खाल्ली, डब्याचा तळसुद्धा पुसला. बाबा यंत्रमागाच्या शेडच्या कामात अडकलेत. भाड्याने दिलेले लूम नवीन माणसाने घेतलेत, त्याची रोज काहीतरी तक्रार असते. तुझ्याकडे नक्की येतील.

कृती विचारलीस ती सोपी आहे. कुकर मंद आचेवर लावायचा. तळाला भाजून सोललेले शेंगदाणे, त्यावर चॉकलेटची लादी तुकडे करून. मी अर्धी काळी, अर्धी दुधाची घेते. वरून चिमूटभर मीठ. झाकणाखाली पंचा. मग हात लावायचा नाही. हेच जमत नाही कोणाला. आई दर थोड्या वेळाने झाकण उचलायला जाते आणि मी ओरडते. सगळं आपसूक वितळलं की एकदा खालून वर ढवळायचं आणि बटर पेपरवर चमच्याने गोळे टाकायचे. गार झाले की सुटून येतात. गॅसपाशी उभं राहायला नको, ढवळत बसायला नको, आपण आपली बाहेरची कामं करून यायची. हल्ली मी दाणे अर्धेमुर्धे कुटूनच घालते, म्हणजे चावायला त्रास नको.

सध्या आमच्याकडे फार धावपळ चाललीय. कसली ते नंतर सांगेन. आत्ता विचारू नकोस.

तुझी,
भाविका


गणेशपुरी
२७ नोव्हेंबर

भाविका,

मला कळलं हाय. मी बहिरी हाय, आंधळी न्हाय, आणि धनेशला तर दोन्ही धड हायत.

परवा तो तुमच्याकडं आलेला. माडीवर लाल खोके रचलेले, सोनेरी दोऱ्या बांधलेले, त्यात तुझं चॉकलेट. तुझी आई त्याला बघून पदरानं डोळे पुसत आत गेली. आणि माझ्या भावानं भाच्याला "ये, बस" पण म्हटलं न्हाय. तोंड उघडलं न्हाय, नुसता हात केला.

पोरीची सुपारी फुटली आणि आत्येला कळवलं न्हाय. कोण पोरगा, कुठल्या गावचा, सगळं ठरलं, वाटायचे डबे पण भरून झाले. तुझ्या बारशाला मी तुझ्या कानात नाव सांगितलं गं. मला काय कमी ऐकू येतं म्हणून मोजायची पण न्हाय काय? की मी चारचौघांत मोठ्यानं बोलते म्हणून लाज वाटते?

तुझ्या बापाला, तुळशाला सांग, मी येणार न्हाय. मानानं बोलावलं तरी न्हाय.

राहीबाई


नारपोली
१ डिसेंबर

आत्ये,

सुपारी फुटलेली नाही. कोणी मुलगा नाही. असं काही असतं तर पहिला फोन धनेशदादाला गेला असता आणि त्याने तो तुझ्या कानात ओरडून सांगितला असता.

बाबांनी मला देवाची शपथ घातली होती. ती आज मोडतेय. तुझं पत्र आईने वाचलं आणि म्हणाली, "लिही. हे तिच्यापासून लपवलं तर ती आपल्याला जन्मभर माफ करणार नाही, आणि बरोबरच आहे."

बाबांच्या तोंडात पांढरा चट्टा आलाय. डाव्या गालाला, आतून. तिखट लागलं की आग होते. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, घास लहान करून घ्यावा लागतो. त्यांनी हे किती दिवस अंगावर काढलं ते देव जाणे. दिवाळीच्या आधी जेवताना मिरची लागली आणि ते ताटावरून उठून मोरीत गेले, तेव्हा आईने बघितलं. ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून पाहिलं आणि विचारलं, "तंबाखू?" बाबा म्हणाले, "थोडी." मी म्हणाले, "थोडी नाही, दिवसभर." त्या म्हणाल्या, "आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून." गेल्या आठवड्यात त्यांनी तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायचाय.

तुला का सांगितलं नाही ते तुला कळेल. आज्यांच्या तोंडाचं काय झालं होतं, ते शेवटी कसे गेले, त्यांचं सगळं तू केलंस. बाबा म्हणाले, "ताईला परत ते बघायला लावू नको." भाऊबीजेला म्हणूनच आले नाहीत. तू ताट भरून वाढलं असतंस आणि त्यांना खाता आलं नसतं.

आता त्या डब्यांचं सांगते. तंबाखू सोडल्यावर पहिले दिवस फार वाईट गेले. बाबा कुणालवर धावून गेले, आईशी बोलेनात. मी विचारलं, "नेमकं काय होतं तुम्हाला?" तर म्हणाले, "तोंडात काहीतरी पायजे गं. रिकामं तोंड खायला उठतं." समोर ते चॉकलेट होतं. मी एक गोळा दिला. त्यांनी तो चावला नाही, गालात धरून बसले, अगदी तंबाखू धरतात तसे. मग म्हणाले, "अजून हाय काय?"

घरी असताना जमायला लागलं. पण बाहेर पडले की काय? शेडवर गेले की कोणीतरी मळून पुढे करतो. नाक्यावर गेले की पुडी. म्हणून मी डबेच भरले. लाल खोके आमच्या गोडाऊनच्या सेलमधले, लग्नसराईचा उरलेला माल, तेवढेच मिळाले. बाबा जिथं जिथं हात पुढे करतात तिथं तिथं मी एकेक डबा देऊन आले. शेडवर, टेम्पोवाल्यांच्या कट्ट्यावर, आणि पानाच्या टपरीवर रामूभय्याकडे. त्याला मी सगळं खरं सांगितलं. त्याने डबा घेऊन बरण्यांमध्ये ठेवला. संध्याकाळी बाबा गेले तर म्हणाला, "चाचा, आज से आपको यही मिलेगा. पसंद नहीं तो दूसरी दुकान देखो, लेकिन वहाँ भी यही मिलेगा." बाबा शिव्या देत घरी आले. पण गालात चॉकलेट होतं.

तुकडा काढला त्या दिवशीपण सकाळी मी कुकर लावूनच निघाले होते. आई घरात एकटी राहणार होती, तिला लक्ष ठेवायला काहीतरी हवं होतं. परत आलो तर ती कुकरसमोर पाटावर बसलेली. झाकण एकदाही उचललं नव्हतं.

तुझी चटणी बाबांनी खाल्ली नाही, आत्ये. नुसता वास घेतला आणि डबा बंद केला. मी खोटं लिहिलं होतं.

भाविका


गणेशपुरी
४ डिसेंबर

भाविका,

शुक्रवारी धनेशच्या टेम्पोतून येते. तुळशाला सांगू नको, न्हायतर पळेल.

आत्या


गणेशपुरी
९ डिसेंबर

चि. भाविकास आशीर्वाद.

नीट पोचले. तू ड्युटीवर होतीस तवा गच्चीवर आमचं काय झालं ते तू तुझ्या आईला इचारलंस तरी तिला ठाऊक न्हाय. म्हणून लिहिते. आणि ते सुपारीचं पत्र मी रागानं लिहिलेलं, फाडून टाक.

मला बघून तुळशा उठला आणि परत बसला. काहीतरी बोलला. आता मी कानानं कुठं ऐकते, माणसाच्या ओठांकडं बघून ऐकते. सगळ्यांचं मला कळतं, तुझ्या बापाचं तर न बोलता कळायचं. पण त्याचे ओठ धड हलतच नव्हते. मला एक शब्द कळेना. त्याच्या बाजूला जमिनीवरच बसले.

त्यानं खिशातून चॉकलेट काढलं, अर्धं केलं, अर्धं मला दिलं. दोघं गालात धरून बसलो. समोर कोणाच्या तरी गच्चीवर रंगवलेलं सूत वाळत होतं, ते बघत. मंग त्यानं दोन्ही हातांचा द्रोण माझ्या कानाला लावला आणि आत बोलला, "ताई, मला भ्या वाटतं."

ते मला स्पष्ट ऐकू आलं.

मंग त्यानं इचारलं, "बाबाचं झालं तसं व्हायचं काय?" मी म्हटलं, बाबाला कवा डॉक्टरनं बघितला? देवरुषी बघून गेला, वैदू बघून गेला, आणि शेवटी तोंडातून पेज पण जाईना तवा बैलगाडी जुंपली. तू पायानं चालत गेलास. तुझ्या पोरीनं नेलं, बायकोनं नेलं. तुझं आणि बाबाचं एक न्हाय. हे मी मोठ्यानं बोलले असणार, कारण खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली. बघू दे. पण पोरी, खरं सांगते, बोलताना मला ठाऊक नव्हतं खरं की खोटं. मी नुसतं बोलले. तो मात्र माझ्या गुडघ्याला डोकं लावून बसला.

आता एक कर. रिपोर्ट आला की धनेशच्या तोंडून निरोप धाडू नको. वाईट असलं तर तो मला गोड करून सांगेल, आणि चांगलं असलं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवणार न्हाय. तुझ्या हातानं लिहून पाठव. पाकीट चिकटव.

भात झोडून झालं. पेंढा रचायचा हाय. मला झोप लागत न्हाय, म्हणून रूपा मला कामाला लावते. बरं करते.

आत्या


नारपोली
१४ डिसेंबर

आत्ये, कॅन्सर नाही.

हे वरतीच लिहिलं, म्हणजे तुला शोधायला नको. कॅन्सर नाही, कॅन्सर नाही. आता पुढचं सावकाश वाच.

काल बोलावलं होतं. मी, कुणाल आणि बाबा. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "काका, कॅन्सर नाहीये." बाबा म्हणाले, "परत बोला." त्या परत बोलल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग कुणालकडे बघितलं. तो तोंड फिरवून भिंतीवरचा तक्ता वाचत होता. वाचत कसला, रडत होता.

त्यांनी बजावलंय मात्र. तंबाखू परत सुरू झाली तर हा चट्टा कुठल्या वाटेने जाईल त्याची खात्री नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. मग त्यांनी विचारलं, "सोडली कशी तुम्ही? माझ्याकडे येणारे निम्मे लोक खोटं बोलतात, पण तुमचं तोंड खरं सांगतंय." बाबांनी खिशातून चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी खाल्लं. म्हणाल्या, "छान आहे. पण दिवसभर एवढी साखर नको, काळं चॉकलेट वाढवा, आणि खाल्ल्यावर चूळ भरा." आता मी दुधाची लादी बंद करणार आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

बाहेर आलो तर बाबा जिन्यावर बसले आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडतायत. एका बाईने पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी घेतली, प्यायली आणि तिला एक चॉकलेट दिलं.

येताना कशेळीच्या पुलावर ट्रेलर अडकलेला, गाड्यांची रांग लागलेली. तुला माहितीये ट्रॅफिकमध्ये बाबा कसे असतात. काल काच खाली करून खाडीकडे बघत बसले. मागचा हॉर्न मारत होता तर म्हणाले, "मारू दे त्याला. घाई असंल."

आईला मी हॉस्पिटलमधूनच फोन केला होता. घरी आलो तर सगळीकडे करपल्याचा वास. सकाळी लावलेला कुकर बंद करायचं ती विसरली, देवासमोर दिवा लावून शेजारणींना सांगत फिरत होती. सगळा घाणा काळा ठिक्कर, भांड्याला चिकटलेला. आणि आई त्या भांड्यात चमचा खरवडत हसत होती. आम्ही तेच खाल्लं. कडू होतं. सगळ्यांनी खाल्लं.

हे पत्र उद्या पहाटे धनेशदादाकडे देईन. त्याला काही सांगणार नाही, पण त्याने माझा चेहरा बघितला तर कळेल. तो काही बोलला तरी तू आधी पाकीट फोड.

तुझी,
भाविका


गणेशपुरी
१६ डिसेंबर

चि. भाविकास, चि. कुणालला, तुझ्या आईला, सगळ्यांना आशीर्वाद.

धनेश आला तवा मी पेंढा रचत होते. पाकीट दिलं आणि समोर उभा राहिला. मी म्हटलं, जा. तो जाईना. मंग त्यालाच म्हटलं, फोड, पण वाचू नको. वरची ओळ बघितली. पुढचं मी रात्री वाचलं, तवा वाचलंच न्हाय. कागद धनेशच्या हातात दिला. तो वाचून मोठा पोरगा असून माझ्या गळ्यात पडला. काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचं पण नव्हतं.

मंग मी तिथंच पेंढ्याला टेकले. म्हटलं, जरा बसते. आणि झोपले. तुझं पयलं खरं पत्र आल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्या दिवशी भर उन्हात मेल्यासारखी झोपले. रूपा आली, हाक मारली असंल, मी कुठली उठते. ऊन लागू नये म्हणून तिनं माझ्या अंगावरून तोंडापर्यंत पांढरी चादर घातली आणि भाकऱ्या करायला गेली.

तेवढ्यात शेजारची ठकुबाई बांधावरून आली. माझा भाऊ आजारी असल्याचं तिला ठाऊक होतं, मला झोप न्हाय, जेवण न्हाय, हे पण ठाऊक होतं. तिनं बघितली पेंढ्यावर चादर. झालं. तिथंच बसून तिनं गळा काढला. "राहीबाय गेली गं! भावाच्या काळजीनं गेली गं!" अर्धी आळी जमली म्हणतात. माझ्या गुणांचं जाम वर्णन झालं. जित्तेपणी ठकुबाईनं माझ्याबद्दल एक बरा शब्द काढलेला न्हाय, ते सगळं तवा काढलं, आणि मला एक शब्द ऐकू आला न्हाय. शेवटी ती माझ्या अंगावर पडली तवा मला जाग आली. मी चादर काढून उठून बसले.

ठकुबाईनं जी किंकाळी मारली ती मला ऐकू आली. मशीन न लावता.

मंग सगळे हसायला लागले. धनेशनं सगळ्यांना सांगितलं की तुळशामामाला काय न्हाय, मामा बरा हाय. ज्या बायका रडायला आलेल्या त्या चहा पिऊन गेल्या. ठकुबाई अजून माझ्याशी बोलत न्हाय, म्हणते तू मुद्दाम केलंस.

तुळशाला सांग, तब्येत बघून ये. घाई न्हाय. मी मऊ भात करीन, वालाचं बिरडं करीन, त्यात मिरची घालणार न्हाय, आणि जेवताना त्याच्या तोंडाकडं बघत बसणार न्हाय. काड्यांचा व्यायाम कर म्हणावं. तू पण ये. ड्युटीला रजा टाक.

आणखी पुष्कळ लिहायचं हाय, पण पोरी, डोळे मिटतायत. कालपासून असंच चाललंय. बसले की झोप येते, बोलता बोलता झोप येते. रूपा जेवायला उठवते, मी जेवते आणि परत झोपते. आता पण

आत्या
(पत्र हातात घेऊनच झोपली. नाव मी लिहिलं. — धनेश)